फुली पडलेलं घर

माझ्या नवऱ्याला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक म्हणजे समोरच्या माणसाच्या चष्म्याचा नंबर ते नुसतं बघून सांगतात, आणि दुसरी म्हणजे त्यांना कुणी फसवू शकत नाही. पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. दुसरीबद्दल मी लग्न झाल्यापासून गप्प आहे, कारण संसार करायचा तर नवऱ्याच्या एखाद्या तरी अभिमानाला हात लावू नये.

चष्म्यांचं दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी आमचे हे वरच्या खोलीत रेडिओपुढे बसतात. गाण्यांचा रेडिओ नव्हे, बोलायचा. आमच्या गावात आणि आसपास असे दहा-बारा हौशी लोक आहेत. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, छपरावर अँटेना लावायची आणि घरबसल्या एकमेकांशी बोलायचं. काय बोलतात? ‘तुमचा आवाज छान येतोय, माझा कसा येतोय?’ मी खालून जेवायला हाका मारते तो आवाज मात्र यांना कधी आलेला नाही.

सकाळी या मंडळींची हजेरी असते आणि ती घ्यायचा मान यांचा. एकेकाची कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं नाव, पुकारायची. दोन श्वास थांबायचं. ‘हजर’ आलं की पुढची. नाही आलं तरी पुढची. ज्याला पुकारलं नाही त्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. शाळेतली मुलंसुद्धा इतकी शिस्त पाळत नाहीत.

एका सकाळी त्या हजेरीत खरखर शिरली. लोखंडावर कानस घासावी तशी. खर्रर्र करून यायची, विरायची, जरा थांबून पुन्हा यायची. काही दिवस तर इतकी दाट की मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. नंतर आपोआप बंद. दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर.

मग संशय सुरू झाला. आमच्या घरात संशय पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा राहतो. आधी पाळी कोपऱ्यावरच्या वेल्डरची. ‘तू सकाळी काय चालवतोस?’ म्हणून यांनी त्याचं शटर वाजवलं. तो डोळे चोळत म्हणाला, “सकाळी मी झोपतो साहेब. आज तुम्ही उठवलंत.” मग समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पेशंट तोंड उघडून बसलेला असताना यांनी त्यांना मशीन बंद करायला लावलं. मग नव्या इमारतीची लिफ्ट. तिच्यातून वर-खाली करून करून वॉचमनला चक्कर यायची वेळ आली, पण खरखर काही हलली नाही.

आणि मग एक दिवस चहाचा कप खाली ठेवत हे म्हणाले, “तुझ्या भावाचं काय चाललंय सध्या?”

मला तेव्हाच कळलं, गाडी कुठे वळणार ते.

माझा धाकटा भाऊ टेकडीच्या पलीकडे, खोलगट भागात, आईवडिलांच्या दोन खोल्यांत एकटा राहतो. बस डेपोत मेकॅनिक होता. काचबिंदूने हळूहळू नजर गेली. शेवटचं दिसायचं बंद झालं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि त्याला तिथून उठवलं ते आमच्या यांनीच. रोज संध्याकाळी दुकान बंद करून जायचे, परीक्षेचे धडे मोठ्याने वाचून दाखवायचे. परवाना मिळाल्यावर छपरावर अँटेना स्वतः चढवली. तिचा पाइप छतातून खाली खोलीत आणला आणि त्याच्या टोकाला जुन्या सायकलचं हँडल बसवलं. हँडल वळवलं की वर अँटेना वळते, आणि हँडल कुठे तोंड करून आहे ते हाताला कळतं. डोळे नसलेल्या माणसासाठी याहून चांगली सोय कुणी केली नसती. जगाला चष्मे लावणारा माझा नवरा तेव्हा मला फार मोठा वाटला होता.

पण यंदा क्लबच्या वार्षिक सभेत धाकटा उभा राहिला आणि म्हणाला, “हजेरी घेणाऱ्याने आधी ऐकायला शिकावं. भाऊजी बोलतात झकास, पण ऐकत नाहीत.” सगळे हसले. धाकटाही हसला. यांनीही हसून वेळ मारून नेली, पण तेवढ्यापुरतीच. आमचे हे शिवी विसरतात, हसू विसरत नाहीत.

खरखर आली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

“बाकी सगळ्यांचे आवाज खरखरीतून गाळून का होईना, येतात,” हे म्हणाले. “तुझ्या भावाचा तेवढा नाही. खरखर आली त्याच दिवसापासून तो गप्प. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!”

“आणि तुमच्या मनात अमावस्या आहे, त्याचं काय?” मी म्हटलं. पण म्हणायला म्हटलं. आत कुठेतरी काटा रुतला होता.

संशय सिद्ध करायची या लोकांची एक पद्धत आहे. हातात धरायची अँटेना घ्यायची, ती दिसते माशाच्या काट्यासारखी. गोल फिरवायची. आवाज जिकडे सगळ्यात मोठा, त्या दिशेने नकाशावर रेघ मारायची. मग दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा तेच. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे चोर बसलेला. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते, त्यामुळे गाडी माझी आणि सारथीही मीच. छपरावर ‘शिकाऊ’ अशी लाल पाटी आणि खिडकीतून अर्धे बाहेर आलेले आमचे हे. लोक थांबून बघत होते. एका म्हाताऱ्याने तर मला हात जोडले.

पहिली रेघ पाण्याच्या टाकीवरून काढली. तिथून मैदानाकडे जायला निघालो तर रेल्वेचं फाटक बंद. एक मालगाडी गेली. फाटक उघडेना. उलट्या बाजूने दुसरी आली. हे मांडीवर नकाशा घेऊन चुळबुळत होते, मी स्टीअरिंगवर बोटं वाजवत होते. मैदानावर पोचलो तेव्हा खरखर अजून चालू होती हे नशीबच म्हणायचं. यांनी दुसरी रेघ मारली.

रेघा माझ्या भावाच्या घरावर छेदल्या. अगदी घरावर.

यांनी तिथे फुली काढली. मला वाटलं, आता ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ ऐकावं लागणार. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

“तिसरी काढू या का?” मी विचारलं. ही मंडळी नेहमी तीन रेघा काढतात, एवढं मला माहीत होतं.

“नको. आणखी बघायची हिंमत नाही माझी.” मग नकाशाची घडी घालत म्हणाले, “रविवारी सभा आहे. सभेपुढे ठेवावं लागेल. तिथून परवान्याच्या ऑफिसला जाईल.”

म्हणजे परवाना रद्द, रेडिओ जप्त. माझ्या भावाला बाकीचं जग त्या पेटीतून येत होतं. ती गेली की पुन्हा भिंत. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही वाईट म्हणजे मला ते खरं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी संपते न संपते तोच मी धाकट्याकडे गेले, न सांगता. तो दारातच आला. “ताई, इतक्या सकाळी?” मी म्हटलं, इकडून चालले होते. टेकडीपलीकडे कुणी ‘इकडून’ जात नाही, हे त्यालाही माहीत होतं. तो चहा ठेवायला वळला. आंधळ्या माणसाच्या पाठीमागे चोरपावलांनी जाणं ही काय लाज आहे, ते ज्याने केलं त्यालाच कळेल. मी टेबलाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. काही नव्हतं. मग रेडिओवर हात ठेवला.

गरम होता.

“कुणाशी बोललास का सकाळी?” मी विचारलं.

“छे. कुणाशी बोलणार?” पाठमोराच म्हणाला. मग जरा थांबून, “तुला भाऊजींनी पाठवलं का?”

“मला कशाला पाठवतील?”

“नाही, आपलं विचारलं.”

चहा प्यायलो. साखरेचं बोललो, नळाच्या पाण्याचं बोललो. दोघंही एकमेकांना चाचपत होतो. लहानपणी एका ताटात जेवलेली भावंडं आम्ही. गरम रेडिओचं मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फुलीवर शिक्काच बसला असता. पण न सांगताही तो चटका हातावर राहिलाच.

शुक्रवारी बँकेतल्या एका बाईंची शिकवणी होती. बाई हुशार, पण आरशात एकदा बघितलं की त्यांचं समाधान होतं. हमरस्त्यावर त्यांनी आरशात बघितलं, मग गिअरशी झटापट केली, मग पदर सारखा केला आणि बेधडक उजवीकडे घेतली. शेजारून ट्रकचा भोंगा वाजला. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून आज हे सांगतेय.

“अहो, पण ट्रक तर मागे लांब होता! मी बघितला होता!”

“होता!” मी ओरडले. “आरशात दिसलेली गाडी तुमची वाट बघत तिथेच थांबते की काय? ती चालते बाई, चालते!”

बाई रडवेल्या झाल्या. मी मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हते. मला रेल्वेचं फाटक दिसत होतं. एक मालगाडी, मग दुसरी. पहिली रेघ आणि दुसरी रेघ यांच्यामध्ये तेवढा वेळ गेला होता. आणि आम्ही धरून चाललो होतो की चोर आमची वाट बघत एका जागी बसून आहे.

मी बाईंना अर्ध्या रस्त्यात शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः गाडी दुकानाकडे घेतली. हे एका गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते.

“रेघा एकाच वेळी काढायला हव्या होत्या,” मी म्हटलं.

“गिऱ्हाईक आहे,” हे म्हणाले.

“असू दे. आवाज चालत असला तर?”

“घर चालतं का कधी?”

“घर नाही चालत. म्हणून तर विचारतेय, की घरात नसेलच तर?”

गिऱ्हाईक एका डोळ्यावर काच आणि दुसऱ्या डोळ्यावर हात ठेवून आमच्याकडे बघत होतं. हे काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. नवऱ्याचं थांबणं मला ओळखता येतं. ते चिडून थांबले नव्हते.

शनिवारी सकाळी हे वरच्या खोलीत छपरावरची अँटेना फिरवायच्या बटणापाशी आणि मी धाकट्याकडे, कानाला फोन. पण त्याच्या हातात हँडल द्यायचं तर त्याला सांगायला हवं होतं.

“तुझ्यावर संशय आहे,” मी म्हटलं. “खरखर तू करतोस असा.”

तो हसला. मग हसू ओसरलं. “ताई, तू पण?”

खोटं बोलता आलं असतं. “हो. त्या दिवशी तुझ्या रेडिओला हात लावला, गरम लागला. तेव्हापासून मी पण.”

त्याने हात पुढे करून रेडिओ चाचपला. मग म्हणाला, “मला वाटत होतं भाऊजी करतात.”

“काय?”

“माझा आवाज बुडवायला. पहिल्या दिवशी त्यांनी पुकारलं, मी ‘हजर’ म्हटलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पुढे गेले. दुसऱ्या दिवसापासून पुकारलंच नाही, मी आपला रोज रेडिओ लावून नुसता ऐकत बसतो. म्हटलं, सभेत बोललो त्याची शिक्षा दिसतेय.”

“अरे, मग मला का नाही सांगितलंस?”

“तुला त्याच घरात राहायचंय ना, ताई.”

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा राग ते ठरवायला वेळ नव्हता, कारण तेवढ्यात खरखर सुरू झाली. धाकट्याने हँडल धरलं, कान दिला, हळूहळू वळवलं. सायकल चालवावी तसा वाकला होता. “इथे. पूर्वेला.”

फोनवर हे म्हणाले, “माझ्याकडेही पूर्वेला.”

धाकट्याचं घर आमच्या घराच्या पश्चिमेला आहे. म्हणजे पोलीस चोराकडे पाठ करून उभे होते. माझा भाऊ माझ्यासमोर दोन्ही हातांनी हँडल धरून बसला होता आणि तिकडे आमच्या घरात खरखर चालूच होती.

“थांबा, फोन ठेवू नका,” मी म्हटलं. थोड्या वेळाने धाकट्याने हँडल सरकवलं. “आता ईशान्येला जास्त.” फोनवर बटणाची खटखट. मग यांचा आवाज, अगदी बारीक: “माझ्याकडेही.” आणखी थोड्या वेळाने दोघांचं उत्तरेला.

“अगं,” हे म्हणाले, “तो चालतोय.”

“पहिल्या दिवशी त्याने ‘हजर’ म्हटलं होतं,” मी म्हटलं. “तुम्हाला ऐकू आलं नाही. त्याचा आवाज टेकडीआडून येतो, आधीच बारीक. खरखरीत पहिला तोच बुडणार. आणि उत्तर देत नाही म्हणून रुसून दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्याला पुकारलंच नाहीत.”



क्लबात एक टॉवरकाका आहेत, विमानतळावर तंत्रज्ञ होते, आता निवृत्त. यांनी त्यांना गाठलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरात चौथं कुणी नसताना आवाज खाली आणला. “लष्कराचं टेहळणीचं विमान असणार. पाठीवर रडारची मोठी तबकडी फिरत असते. तिचं तोंड आपल्याकडे आलं की खरखर, फिरलं की शांत. विमान जवळ असलं की सगळीच खरखर. फार उंचावर असतं, दिसत नाही.”

“मग तक्रार करू या,” मी म्हटलं.

“कुणाकडे? या लहरींवर पहिला हक्क त्यांचा. आपण पोटभाडेकरू. मालकाने खाट सरकवली म्हणून ओरडता येत नाही.”

तरी यांनी एक फोन लावलाच. पलीकडचा माणूस सौजन्याने म्हणाला, असं कोणतंही विमान उडत नाही. मग तितक्याच सौजन्याने विचारलं, “पण तुम्ही दिशा कशाला मोजत होतात? पूर्ण नाव सांगता का जरा?” यांनी फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत तीनदा खिडकीतून रस्त्यावर बघून आले. समोर एक पांढरी गाडी उभी होती, ती डॉक्टरीणबाईंच्या पेशंटची निघाली. दुसऱ्याच्या दारात सोडलेला संशय फिरून आपल्याच दारात आला की कसा दिसतो, ते मी त्या दिवशी बघितलं. गंमत वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

रविवारी सकाळी हे माझ्या आधी उठले. मी वर गेले तर टेबलावर नकाशा पसरलेला. खोडरबराने फुली घासत होते. पेन्सिल गेली, पण कागद तिथे पातळ झाला होता आणि त्यातून टेबल दिसत होतं.

“इतका वेळ काय घासताय? गेली ती,” मी म्हटलं.

“जात नाहीये,” हे म्हणाले.

हजेरीची वेळ झाली. मी दारातच उभी राहिले. यांनी माईक घेतला. पहिली कॉलसाइन नेहमी क्लबच्या अध्यक्षांची असते. त्या दिवशी यांनी पहिली पुकारली ती धाकट्याची.

आणि नेमकी त्याच क्षणी खरखर आली. दाट, कानस घासल्यासारखी. दोन श्वास झाले. तिसरा झाला. माझा नवरा सिग्नलला थांबत नाही, लग्नाच्या पंगतीत थांबत नाही, माझं वाक्य संपेपर्यंत तर कधीच थांबलेला नाही. तो थांबला. खरखर जरा हलकी झाली तशी पुन्हा पुकारलं. पुन्हा थांबला. अँटेनाचं बटण दाबून ती टेकडीकडे, अगदी सरळ टेकडीकडे वळवली, आणि कान स्पीकरला लावला.

मला वाटलं, धाकटा बोलणार नाही. का बोलावं त्याने? मी असते तर बोलले नसते.

खरखर मागे सरकली. तिच्या तळातून बारीक, पण स्पष्ट, माझ्या भावाचा आवाज आला.

“हजर, भाऊजी. रोजच होतो.”

यांनी पुढची कॉलसाइन पुकारायला माईक तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. दहा-बारा घरांत माणसं आपापल्या नावाची वाट बघत होती. शेवटी मी पुढे झाले आणि तो त्यांच्या हातातून घेतला. परवाना नसताना रेडिओवर बोलणं गुन्हा आहे, म्हणून नुसता खाली ठेवला.